डिप्रेशन ४० टक्के, पण शेरा ‘एनएएनए’: डिसॅबिलिटी पेन्शनसाठी आता कोणते कागद लागतील?

वाईचा_पुतण्या

काका १९९० ला पायदळात भरती झाले आणि २०१४ मध्ये २४ वर्षांची मुदत संपवून हवालदार म्हणून घरी आले. फेब्रुवारी २००६ ते ऑगस्ट २००८ राष्ट्रीय रायफल्समध्ये, कुपवाडा भागात. त्यानंतर पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातलं ठाणं. फेब्रुवारी २०१० मध्ये मिलिटरी हॉस्पिटलात दाखल, निदान ‘रिकरंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’, मग कायम एस-३ कॅटेगरी (मानसिक आजारामुळे खालावलेली वैद्यकीय श्रेणी). घरी येतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डाने ४० टक्के, आयुष्यभरासाठी असं लिहिलं; पण पुढे ‘एनएएनए, ऑनसेट इन पीस’, म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही, आणि सुरुवात शांत ठाण्यावर झाली. त्यावर रेकॉर्ड ऑफिसने २०१४ मध्येच क्लेम नाकारल्याचं पत्र पाठवलं. अपील कुणी केलं नाही. सर्व्हिस पेन्शन सुरू आहे, डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वापोटीचा वेगळा भाग) नाही.

२०२३ मध्ये साताऱ्यातल्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताणविकार) असं निदान लिहून दिलं आहे. मधल्या काही वर्षांत दारूही होती, आता बंद आहे.

प्रश्न असे:
१. या नव्या सर्टिफिकेटवर क्लेम पुन्हा उघडता येईल का?
२. दारूची नोंद आड येईल का?
३. आधी अपील, की थेट आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल?
४. दहा-अकरा वर्षांची थकबाकी मिळेल का?

हातात सध्या डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नाकारल्याचं पत्र आणि बोर्डाच्या कागदाची अर्धवट झेरॉक्स आहे.

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

आधी एक घोळ निस्तरू. काका आजारी आहेत की नाही हा वादच नाही. बोर्डाने ४० टक्के लिहिलेत, पात्रतेला २० लागतात. वाद आहे तो आजाराचं नातं नोकरीशी लागतं की नाही, एवढाच. २०२३ चं सर्टिफिकेट आजार सिद्ध करतं, म्हणजे जे आधीच मान्य आहे तेच. नातं सिद्ध करणारे कागद २००६ ते २०१४ मधले आहेत आणि ते सरकारच्या कपाटात आहेत. ते बाहेर काढणं हे पहिलं काम.

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर किंवा केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. अर्ज काकांच्या नावाने आणि काकांच्याच सहीने जाऊ द्या, सोबत डिस्चार्ज बुकचं पहिलं पान आणि ओळखपत्र जोडा. पुतण्याच्या सहीने गेला तर ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून परत येतो आणि फुकट दोन महिने जातात.

‘माझे सर्व मेडिकल डॉक्युमेंट द्या’ असं मोघम लिहू नका. नाव घेऊन मागा (एएफएमएसएफ म्हणजे सैन्याचे वैद्यकीय फॉर्म):

– एएफएमएसएफ-१६, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, सगळ्या पानांसकट. तुमच्या अर्धवट झेरॉक्समध्ये बहुधा मताचं पान आहे आणि कमांडिंग ऑफिसरचं निवेदन नाही. ते पान हवंच.
– एएफएमएसएफ-१५, म्हणजे २०१० पासून झालेले सगळे कॅटेगरी बोर्ड. एस-३ टेम्पररी केव्हा, परमनंट केव्हा, प्रत्येक वेळी नोकरीवर कोणती बंधनं घातली होती.
– एएफएमएसएफ-१०. मनोविकाराच्या केसमध्ये युनिटचा कमांडिंग ऑफिसर (सीओ) जवानाच्या वागणुकीबद्दल जो रिपोर्ट देतो तो. काम कसं करत होता, कधीपासून बदलला, दारू किती, घरचं काय, सगळं त्यात असतं. या कागदावर केस तरते किंवा बुडते.
– २०१० मध्ये हॉस्पिटलात दाखल झाले तेव्हाची केस शीट, सायकियाट्रिस्टच्या मतासह. हॉस्पिटलचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि डिस्चार्ज स्लिपवरचा ए अँड डी (अ‍ॅडमिशन-डिस्चार्ज) नंबर लिहा. तो नंबर नसेल तर शोधायला माणूस बसत नाही.
– सैन्यात भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म. त्यात मानसिक आजाराची नोंद नाही हे दाखवायला.
– शीट रोल (सेवेची नोंद) आणि पोस्टिंगच्या पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटने काढलेले नोंदीचे आदेश.
– रजेचा रेकॉर्ड, २००६ ते २०१४.
– क्लेम नाकारताना फाइलवर झालेल्या टिपणी.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. बहुतेक वेळा पहिल्या खेपेला फक्त एएफएमएसएफ-१६ येतो आणि ‘बाकी हॉस्पिटलकडे विचारा’ असं उत्तर मिळतं. म्हणून एक अर्ज रेकॉर्ड ऑफिसला आणि दुसरा त्याच दिवशी हॉस्पिटलला टाका.

युनिटकडे ऑपरेशनची माहिती मागायच्या फंदात पडू नका. सुरक्षेचं कारण देऊन नकार येईल आणि तो नकार योग्यही असेल. फक्त एवढंच मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा जवान काउंटर इन्सर्जन्सी (सीआय, म्हणजे अतिरेकीविरोधी मोहिमेच्या) भागात तैनात होता याचा दाखला. तोही मिळाला नाही तर त्या काळातल्या मासिक पे स्टेटमेंटवर सीआय ऑप्स भत्ता दिसतो. ट्रंकेत तळाशी पडलेली ती पिवळी पडलेली पानं फेकू नका, तो सरकारी कागद आहे.

---

ओपीडी_खोली_नं_४

मी मानसोपचाराच्या बाजूने लिहितो.

२०२३ च्या सर्टिफिकेटमध्ये काय आहे ते न पाहताही सांगता येईल: लेटरहेडवर चार ओळी, ‘हे पीटीएसडीचे रुग्ण असून उपचार चालू आहेत’. याला पुराव्याच्या दृष्टीने फारसं वजन नाही. दुसरं, त्यात एक धोका आहे. बोर्डाचं निदान डिप्रेशन (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आयसीडी-१० मध्ये, एफ ३३). तुम्ही आता पीटीएसडी (एफ ४३.१) हेच मुख्य म्हणून मांडलंत तर समोरचा म्हणेल, हा तर वेगळाच आजार, सेवेतून गेल्यावर नऊ वर्षांनी झालेला, बोर्डापुढे कधी नव्हताच. म्हणजे चांगल्या हेतूने आणलेला कागद तुमचाच पाय ओढेल. क्लेम बोर्डाच्या निदानावर उभा करा. पीटीएसडीची लक्षणं त्याच आजाराचा पट स्पष्ट करायला येऊ द्या. दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र असणं वैद्यकात अगदी नेहमीचं आहे.

नवा अहवाल घ्यायचा तर आरटीआयचे कागद आल्यावरच घ्या, आधी नाही. कारण अहवालाची किंमत डॉक्टरांनी काय वाचून मत दिलं यावर ठरते. त्यात हे असावं:

कोणकोणते कागद तपासले, तारखांसह यादी. लक्षणांचा कालक्रम: झोप केव्हा बिघडली, दचकणं, चिडचिड, एकटं राहणं केव्हा सुरू झालं, आणि प्रत्येक गोष्ट कुठल्या कागदावरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून कळली. निदानाचे निकष कोणते आणि ते कसे पूर्ण होतात. आजवरची औषधं, डोस, किती काळ. आजची कार्यक्षमता. शेवटी, सेवेतल्या ताणाशी संबंध आहे असं वाटत असेल तर का वाटतं याची कारणं, आणि घरगुती किंवा आनुवंशिक कारण कमी संभवनीय का, हेही. ‘शंभर टक्के सैन्यामुळेच’ असं लिहिणारा डॉक्टर नको. असं वाक्य वाचलं की बोर्डावरचा माणूस उरलेला अहवाल वाचत नाही.

पीटीएसडीसाठी पीसीएल-५ (२० प्रश्न, ० ते ८० गुण) किंवा डिप्रेशनसाठी हॅमिल्टनसारख्या प्रश्नावल्या जोडा, पण त्या तीव्रता सांगतात. कारण सांगत नाहीत.

यूडीआयडी कार्डाबद्दल (सरकारचं अपंगत्व ओळखपत्र) बराच गैरसमज आहे म्हणून सांगतो. जिल्हा रुग्णालय मानसिक आजाराचं अपंगत्व ‘आयडियाज’ मोजपट्टीवर काढतं: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, वर आजाराच्या कालावधीचे गुण. तिथे ६० टक्के आले म्हणून सैन्याचे ४० चे ६० होत नाहीत. दोन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या कायद्यांच्या आहेत. कार्ड इतर सवलतींसाठी जरूर काढा, इथे फक्त आजच्या अवस्थेचा आधार म्हणून जोडा.

दारूबद्दल. प्रश्न क्रमाचा असतो. बोर्डाच्या कागदावर ‘अल्कोहोल डिपेंडन्स’ हे स्वतंत्र निदान आहे का, ते आधी पाहा. नसेल आणि दारू डिप्रेशननंतर वाढल्याचं केस शीटवरून दिसत असेल, तर ती आजाराचं लक्षण म्हणून मांडता येते. झोप लागत नाही म्हणून पिणं हा इतिहास तिथे लिहिलेला सापडतोही. लपवू मात्र नका. एएफएमएसएफ-१० मध्ये सीओने लिहिलेलं असेल आणि तुम्ही ‘कधीच घेतली नाही’ असं प्रतिज्ञापत्र केलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

आणि एक बाजूची गोष्ट. जुने कागद चाळताना, तारखा आठवताना रुग्णाचा त्रास वाढतो. हे सगळं काम काकांना समोर बसवून एका दिवसात उरकू नका. औषधं चालू ठेवा. रात्री-अपरात्री त्रास वाढला तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

---

ओए_वकील_मुंबई

वरच्या दोघांनी पाया घातला आहे, मी नियमांचं बोलतो.

आजाराचं सेवेशी नातं ठरवणारे एन्टायटलमेंट रूल्स तीन आहेत; पहिल्यांदा कोणता नियम लागू हे ठरवा, कारण नेटवर तिन्हींची खिचडी आहे. १ जानेवारी २००८ पूर्वी सुटलेल्यांना एन्टायटलमेंट रूल्स १९८२. त्यानंतरच्यांना २००८ चे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटणाऱ्यांना २०२३ चे. काका २०१४ चे, म्हणजे २००८ चे नियम, आणि त्यांच्या जोडीला ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स (मिलिटरी पेन्शन) २००२’, २००८ च्या दुरुस्तीसह.

याच गाइडच्या सहाव्या प्रकरणातला परिच्छेद ५४ मनोविकारांचा आहे. तो छापून भिंतीला लावा. त्यात मनोविकार सेवेमुळे झाला असं मानण्याच्या परिस्थिती दिल्या आहेत: युद्धक्षेत्रातली सेवा, त्यात काउंटर इन्सर्जन्सी भागही येतो, अति उंचीवरची सेवा, अगदी एकाकी ठाण्यावरची तैनाती, समुद्रावरची सेवा, पाणबुडी किंवा डायव्हिंगचे अपघात, जीवितहानी झालेले वाहन वा विमान अपघात, भूकंप, त्सुनामीसारख्या आपत्तीत मृतदेहांच्या सान्निध्यात केलेलं काम. काकांची अडीच वर्षं पहिल्याच कलमात बसतात. बोर्डाने ‘ऑनसेट इन पीस’ लिहून त्या अडीच वर्षांवर काट मारली आहे. तुमचा सगळा पुरावा या एका शेऱ्याला उत्तर म्हणून रचायचा.

त्याच परिच्छेदात आजार सेवेमुळे वाढला, म्हणजे ‘अ‍ॅग्रॅव्हेशन’, याच्याही दोन वाटा आहेत आणि लोक त्या विसरतात.

एक, रजा. सेवेच्या गरजेपोटी रजा नाकारली गेली आणि त्यानंतर तीन महिन्यांत आजार उद्भवला, तर. पण कारण ठरावीक हवं: एकुलत्या मुलाच्या आई किंवा वडिलांचा मृत्यू, पत्नी किंवा मुलांचा मृत्यू, जवळच्या कुटुंबीयांवर खून-दरोड्यासारखा गुन्हा, अतिरेक्यांकडून कुटुंबाला धमकी, कुटुंबाच्या जिवावर आलेली नैसर्गिक आपत्ती, एकुलत्या भावाच्या बहिणीचं किंवा स्वतःच्या मुलांचं लग्न. म्हणून वर रजेचा रेकॉर्ड मागायला सांगितलं आहे.

दोन, कॅटेगरी पडल्यानंतरची नेमणूक. निदान होऊन कामावर बंधनं आल्यावरही जवानाला पुन्हा सीआय भागात, उंचीवर किंवा जहाजावर पाठवलं आणि आजार बळावला, तर. २०१० ते २०१४ मधलं प्रत्येक पोस्टिंग एएफएमएसएफ-१५ मधल्या बंधनांच्या शेजारी ठेवून पाहा.

सुप्रीम कोर्टाच्या निकालांबद्दल. धरमवीर सिंग (२०१३) सगळेच टाकतात: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं आणि शंकेचा फायदा जवानाला. पण तो निकाल १९८२ च्या नियमांवरचा आहे. २०१४ च्या केसमध्ये सरकारी वकील हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणार. उलट बाजूला नरसिंग यादव (२०१९) आहे: स्किझोफ्रेनियाची केस, मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळतोच असं नाही आणि वैद्यकीय बोर्डाच्या मताला महत्त्व द्यायचं, असं म्हणून जवान हरला. फक्त गृहीतकावर विसंबणाऱ्यांनी तो निकाल दोनदा वाचावा. तुमच्या कामाचे दोन जास्त: वीर पाल सिंग (२०१३), जिथे मनोविकाराच्या केसमध्ये कारणमीमांसा नसलेल्या मताची चिकित्सा करून फेर वैद्यकीय बोर्डाकडे पाठवलं, आणि राजुमोन (मे २०२५), जिथे बोर्डाने कारणं दिली नसतील तर नुसत्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही असं म्हटलं. ‘ऑनसेट इन पीस’ हे तीन शब्द कारण म्हणायचे का, हा तुमचा मुद्दा.

मुदत. पहिलं अपील सहा महिन्यांत असतं, ते केव्हाच गेलं. तरी उशिराची कारणं देऊन करा, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मग दुसरं अपील. त्यानंतर ट्रिब्युनल. ट्रिब्युनल कायदा २००७ च्या कलम २१ प्रमाणे आधी खात्यातले मार्ग वापरले पाहिजेत, पण अर्जावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर मार्ग वापरला असं धरतात. मग कलम १४ खाली ओए (ट्रिब्युनलमधला मूळ अर्ज), सोबत विलंब माफीचा अर्ज. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ.

थकबाकी: पूर्ण मिळत नाही. तरसेम सिंग (२००८) प्रमाणे पेन्शन ही दरमहा नव्याने होणारी हानी असल्यामुळे उशीर माफ होतो, पण मागचे पैसे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतेच. म्हणजे दर महिना उशीर म्हणजे एका महिन्याची रक्कम कायमची गेली.

हिशोब असा. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या (एमएसपी, म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे धरून) ३० टक्के. ४० टक्क्यांना १२ टक्के. राम अवतार (डिसेंबर २०१४) नंतर मुदत संपवून आलेल्यांनाही राउंडिंगचा फायदा आहे: ५० च्या खालचे ५०, ५० ते ७५ चे ७५, ७६ च्या पुढचे १००. काकांचे ४० चे ५० झाले की १५ टक्के. नोशनल (हिशोबापुरता धरलेला) पगार समजा ४०,००० धरला तर महिना ४,८०० ऐवजी ६,०००, वर महागाई. तीन वर्षांचे महागाई सोडून २,१६,०००. राउंडिंगची मागणी प्रार्थनेत, म्हणजे अर्जातल्या मागण्यांत, वेगळ्या कलमात लिहा. न मागता मिळेल असं धरू नका.

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

वकीलसाहेबांशी एका बाबतीत जमत नाही. दुसऱ्या अपिलाची वाट पाहू नका. दहा वर्षं जुन्या नकारावर पहिलं अपील ‘मुदतबाह्य’ म्हणून दोन ओळींत परत येण्याची शक्यता खूप आहे. ते पत्र आलं की किंवा सहा महिने उलटले की सरळ ओए. दुसऱ्या अपिलात आणखी सहा-आठ महिने घालवून हाती तेच पत्र येतं.

अजून एक तारीख लक्षात ठेवा. २००८ च्या नियमांत सात क्रमांकाचा नियम आहे: सहसा जवानाला काही सिद्ध करायला सांगणार नाहीत, पण सुटल्यापासून १५ वर्षं उलटून गेल्यावर, कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले असताना क्लेम आला, तर सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. काकांची १५ वर्षं २०२९ ला भरतात. काका पेन्शनर आहेत म्हणून कागद टिकून असतील. पेन्शन नसलेल्यांचे २५ वर्षांनी नष्ट होतात, हे पेन्शनशिवाय घरी आलेल्या जुन्या जवानांच्या घरच्यांनी वाचावं.

---

ओए_वकील_मुंबई

दुसऱ्या अपिलाबाबत मान्य. पहिल्याला कारणांसह नकार आला असेल तर दुसरं करणं सुरक्षित, नुसतं ‘मुदतबाह्य’ असेल तर ओए. कलम २१ मध्ये ‘ऑर्डिनरिली’ हा शब्द आहे, त्याचा आधार घेता येतो.

---

वाईचा_पुतण्या

सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांनी लिहितोय. रेकॉर्ड ऑफिसकडून एएफएमएसएफ-१६ पूर्ण आला, हॉस्पिटलकडून केस शीटची नऊ पानं आली. एएफएमएसएफ-१० नाही, ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर.

केस शीटच्या पहिल्या पानावर तक्रारींमध्ये हाताने लिहिलंय: झोप न लागणे, २ वर्षे, दचकून जागे होणे, उदास वाटणे, ८ महिने. खाली ‘घरी जमिनीचा वाद’ असंही आहे. एएफएमएसएफ-१६ मध्ये मात्र आजार सुरू झाल्याची तारीख फेब्रुवारी २०१० आणि ठिकाण ते पीस स्टेशन. दारूबद्दल ‘सोशल’ एवढंच, वेगळं निदान नाही. सीओच्या निवेदनात ताणाच्या रकान्यात ‘नाही’.

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

पुतणे, ती ‘२ वर्षे’ ही ओळ अधोरेखित करा. फेब्रुवारी २०१० मधून दोन वर्षं वजा केली की फेब्रुवारी २००८ येतो. काका ऑगस्ट २००८ पर्यंत कुपवाडा भागात होते. म्हणजे झोप उडाली ती तिथे, निदान झालं ते इथे. बोर्डाने दाखल झालेली तारीख उचलून ‘आजार सुरू झाल्याची तारीख’ म्हणून टाकली. ही चूक फार ठिकाणी होते, कारण फॉर्म भरणारा डिस्चार्ज स्लिप समोर ठेवून रकाने भरतो, केस शीट उघडत नाही. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा लष्कराच्याच डॉक्टरच्या हस्ताक्षरात आहे आणि तो क्लेम करायच्या चार वर्षं आधी, कुठल्याही पेन्शनचा विचार नसताना लिहिलेला आहे. याच्यापुढे आजचं कुठलंही सर्टिफिकेट फिकं.

एएफएमएसएफ-१० ‘उपलब्ध नाही’ हे उत्तरही जपून ठेवा, ते मूळ पत्रच जोडा. मनोविकाराच्या केसमध्ये सीओचा रिपोर्ट न पाहता मत दिलं का, हा प्रश्न त्यातून निघतो.

---

ओपीडी_खोली_नं_४

कालक्रम वैद्यकीय दृष्ट्याही सुसंगत आहे. आधी झोपेचा बिघाड आणि दचकणं, मग वर्ष-सव्वा वर्षाने उदासी, असा प्रवास नेहमी दिसतो. नवा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे पान दाखवा आणि नेमकं यावरच मत मागा: २००८ मधली लक्षणं आणि २०१० चं निदान हा एकच आजार आहे का, आणि का.

‘जमिनीचा वाद’ ही ओळ सरकारी बाजू उचलणार, तयारी ठेवा. ती खोडायची नाही, तिची तारीख शोधायची. वाद २००९ मध्ये सुरू झाला असेल तर सातबाऱ्यावरचा फेरफार किंवा तहसील कार्यालयातली नोटीस तारखेसह जोडा. झोप त्याआधीच गेली होती हे आपोआप दिसतं. वाद २००७ चाच असेल तर प्रामाणिकपणे सांगा की ताण दोन होते. गाइड स्वतःच मनोविकार अनेक कारणांच्या गुंत्यातून होतो असं म्हणतं.

काकूंचं प्रतिज्ञापत्र द्यायचं तर त्यात मतं नकोत, पाहिलेलं लिहा. ‘२००७ च्या दिवाळीच्या सुट्टीत रात्री उठून अंगणात बसायचे’ हे चालेल. ‘सैन्याने आयुष्य उद्ध्वस्त केलं’ हे नाही चालणार. सुट्टीची तारीख रजेच्या रेकॉर्डशी जुळते का ते आधी तपासा. न जुळणारी एक सुट्टी सगळं प्रतिज्ञापत्र संशयात टाकते.

---

भोर_तालुका_७

याच धाग्यात विचारतो. मुलगा ट्रेनिंगमध्ये असताना सातव्या महिन्यात स्किझोफ्रेनिया म्हणून बोर्ड-आउट झाला (मेडिकल बोर्डाने घरी पाठवला). त्याला हे सगळं लागू का?

---

ओए_वकील_मुंबई

रिक्रूटचा रस्ता बराच अरुंद आहे. त्याच परिच्छेद ५४ मध्ये रिक्रूटसाठी वेगळी अट आहे: मनोविकारामुळे बोर्ड-आउट झाल्यास सेवेशी नातं तेव्हाच मानायचं, जेव्हा स्पष्ट ओळखता येईल असा तीव्र ताण कारण म्हणून दिसतो, लैंगिक अत्याचारही त्यात येतो. ‘ट्रेनिंग कडक होतं’ एवढ्यावर भागत नाही. ट्रेनिंग सेंटरमधली एखादी विशिष्ट घटना, तिची तारीख, त्या वेळची एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) नोंद किंवा कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) असेल तर ती मागवा. इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाच्या कागदात कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. तिथे एखाद्या नातेवाइकाचा आजार लिहिलेला असतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. टक्केवारी २० च्या खाली लिहिली असेल तर सुखविंदर सिंग (२०१४) पाहा: ज्या आजारामुळे नोकरीतून काढलं तो २० च्या खाली धरता येत नाही. वेगळा धागा उघडा आणि बोर्डाच्या कागदातला मजकूर टाका, नाव-नंबर झाकून.

---

वाईचा_पुतण्या

शेवटचं विचारतो. ओएला कागद कसे लावायचे? केस शीटचं हस्ताक्षर आमच्या डॉक्टरांनाही नीट लागत नाही.

---

ओए_वकील_मुंबई

प्रत्येक हस्तलिखित पानामागे त्याची टाइप केलेली प्रत लावा, ओळ न् ओळ, आणि न लागणाऱ्या शब्दाच्या जागी ‘अवाच्य’. अंदाजाने शब्द भरू नका. परिशिष्टं तारखेच्या क्रमाने: भरतीचा मेडिकल फॉर्म, पोस्टिंगच्या पार्ट टू ऑर्डर, सीआय भत्त्याची पे स्टेटमेंट, केस शीट, एएफएमएसएफ-१५, एएफएमएसएफ-१६, नकाराचं पत्र, अपील आणि पोचपावती, आरटीआयची उत्तरं, आणि सगळ्यात शेवटी नवा वैद्यकीय अहवाल. प्रत्येक प्रतीवर काकांची सही. सुरुवातीला एका पानाचा तक्ता: डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे परिशिष्टाचा पान क्रमांक. फेब्रुवारी २००८ ची ओळ त्यात ठळक करा.

प्रार्थना चार: ‘एनएएनए’ हा शेरा आणि नकाराचं पत्र रद्द करावं, आजार सेवेमुळे झालेला किंवा निदान वाढलेला मानून ४० टक्क्यांवर डिसॅबिलिटी एलिमेंट द्यावं, ते ५० पर्यंत राउंड करावं, तीन वर्षांची थकबाकी व्याजासह द्यावी. पर्याय म्हणून फेर वैद्यकीय बोर्डाची मागणी खाली वेगळी ठेवा. ती वर टाकली तर तुम्हालाच तुमच्या कागदांवर भरवसा नाही असं दिसतं.

कलम २५ प्रमाणे काका स्वतःही केस चालवू शकतात. वकील लावणार असाल तर कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको, आणि थकबाकीतला टक्का मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. वकिलाला तशी फी घेताच येत नाही.

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

आणि ओए जाण्याआधी स्पर्शवर (सैन्याच्या पेन्शनचं पोर्टल) काकांचं नाव, जन्मतारीख आणि बँक खातं डिस्चार्ज बुकाशी जुळतं का बघा. आदेश हातात आल्यावर आडनावातल्या एका अक्षरासाठी पीपीओची दुरुस्ती अडून बसते. आदेशात दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर एक्झिक्यूशनचा (अंमलबजावणीचा) अर्ज त्याच खंडपीठात करायचा, नवी केस नाही.

---

वाईचा_पुतण्या

स्पर्शवर आत्ताच पाहिलं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. उद्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो.